हिमोग्लोबिनचा आकडा तोच, मग दुखणे कसले?

पत्र : मी शहादा तालुक्यातील एका पाड्यावर राहतो आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी १४ वर्षांची बहीण आश्रमशाळेत शिकते. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे. अधूनमधून तिचे हातपाय आणि कंबर इतकी दुखते की तिला उभेही राहवत नाही. दवाखान्यात रक्त तपासले की हिमोग्लोबिन ८ च्या आसपास निघते, आणि दुखत नसते तेव्हाही ते तेवढेच असते. त्यामुळे अधीक्षिकाबाई म्हणतात की आकडा तोच आहे तर दुखणे कसले, मुलगी नाटक करते. ती रात्री अंथरूण ओले करते म्हणून संध्याकाळनंतर तिला पाणी पिऊ देत नाहीत. घरचे म्हणतात, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत जातील. या रोगात तांबड्या पेशी ताठर होतात असे मी वाचले. ते खरे आहे का, आणि पेशीच्या ताठरपणाचा असा संबंध इतर रोगांशीही असतो का? गावातल्या शिबिरात माझी तपासणीही ‘पॉझिटिव्ह’ आली आहे आणि घरात माझ्या लग्नाचे बोलणे सुरू आहे. मी काय करावे?

उत्तर :

प्रिय भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमची बहीण नाटक करत नाही. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील बाकी सगळ्या अडचणींवर उपाय आहेत, पण ज्या मुलीच्या वेदनेवर कोणी विश्वास ठेवत नाही ती पुढच्या वेळी दुखणे सांगायचेच थांबवते, आणि या रोगात न सांगितलेले दुखणे जिवावर बेतू शकते. हिमोग्लोबिनचा आकडा रक्तात ते किती आहे एवढेच सांगतो. ज्या पेशीत ते भरलेले आहे ती पेशी वाकते की नाही, हे तो आकडा सांगत नाही, आणि तुमच्या बहिणीचे दुखणे नेमके तिथे आहे.

तुम्ही वाचलेत ते खरे आहे, आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहात म्हणून ते थोडे तपशिलाने सांगतो. निरोगी तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, मध्ये दोन्ही बाजूंनी खोलगट अशी चकती असते. ज्या केशवाहिन्यांतून तिला जावे लागते त्यांपैकी कित्येक तिच्यापेक्षा अरुंद असतात, आणि प्लीहेतील, म्हणजे डाव्या बरगडीखाली रक्त गाळणाऱ्या अवयवातील, ज्या फटींतून ती पिळून निघते त्या जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीच्या असतात. हे तिला साधते ते तीन गोष्टींमुळे. तिच्यात केंद्रक नसते. तिच्या आवरणाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे लवचिक जाळे असते. आणि तिचे आवरण गरजेपेक्षा मोठे असते, म्हणजे तिच्यातील सुमारे ९० घन मायक्रोमीटर ऐवज एका गोलात भरायचा झाला तर जेवढे पृष्ठफळ लागेल त्याच्या सुमारे ४० टक्के अधिक पृष्ठफळ तिच्याजवळ असते. हे गणित तुम्ही स्वतः कागदावर करून पाहू शकता. या शिलकीमुळेच ती न ताणता आकार बदलते, आणि सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात हजारो वेळा पिळून निघूनही शाबूत राहते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. दोष एवढाच, पण त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ दोरे तयार होतात. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीने भरलेले असतात, त्यामुळे दोरे वळू लागले की आतला द्रव घट्ट होतो आणि पेशी ताठरते. मात्र ऑक्सिजन सुटल्यावर लगेच दोरे तयार होत नाहीत. मध्ये थोडा विलंब लागतो. केशवाहिनीतून पार व्हायला पेशीला साधारण एक सेकंद ते काही सेकंद लागतात. विलंब त्याहून मोठा असेल तर पेशी लवचिक असतानाच मोठ्या शिरेत पोहोचते, फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते आणि काहीही बिघडत नाही. विलंब लहान झाला, किंवा रक्ताचा प्रवाह मंदावला, तर पेशी अरुंद जागेतच ताठरते आणि मागच्या पेशींची वाट अडते. हा विलंब पेशीतील हिमोग्लोबिनच्या घनतेवर कमालीचा अवलंबून असतो. पेशीतले पाणी थोडेसे जरी कमी झाले तरी तो अनेक पटींनी आखूड होतो. बहिणीसाठी काय करायचे आणि काय टाळायचे, त्यातले बहुतेक सगळे या एका गोष्टीवरून ठरते.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा विळ्यासारखा आकार हा या ताठरपणाचा परिणाम आहे. पेशी चकतीसारखी दिसत असतानाही आतून ताठरलेली असू शकते, म्हणून ‘रिपोर्टमध्ये विळ्याच्या पेशी थोड्याच दिसल्या’ यावरून दुखणे थोडे असेल असा अंदाज कोणी करू नये. ऑक्सिजन मिळाला की दोरे विरघळतात आणि पेशी पूर्ववत होते, परंतु हे पुन्हा पुन्हा घडले की आवरणच बिघडते. हिरव्या बांबूची कामटी टोपलीच्या वळणाने वाकते आणि वाळलेली कामटी मोडते, तशी ही पेशी शेवटी फुटते. म्हणूनच अशा पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच टिकतात आणि हिमोग्लोबिन कायम ८ च्या आसपास राहते. शरीराने त्या आकड्याशी जुळवून घेतलेले असते. शिवाय या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात. आधी काही चिकटतात, मग त्यांच्यामागे ताठर पेशींची गर्दी होते, आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो. हे हाडांच्या आतल्या मज्जेत घडले की जी वेदना होते ती प्रौढ माणसालाही सहन होत नाही. त्या दिवशी बोटातून काढलेल्या रक्ताचा आकडा बदललेला नसणे अगदी स्वाभाविक आहे.

आता अंथरूण ओले करण्याविषयी, कारण तुमच्या पत्रातील ही ओळ वाचून मला सर्वाधिक काळजी वाटली. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो आणि क्षारांची दाटी असते, म्हणजे पेशी ताठरण्यासाठी लागणारे सगळे तिथे एकत्र असते. लहान वयातच तो भाग दुखावतो आणि लघवी घट्ट करून पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडाची शक्ती कमी होते. अशा मुलांना लघवी जास्त होते, वारंवार होते, रात्रीही होते, आणि पाणी बंद केले तरी ती होतच राहते. म्हणजे पाणी बंद केल्याने अंथरूण कोरडे राहत नाही, मुलीचे शरीर मात्र सुकते, पेशीतली घनता वाढते आणि पहाटे दुखणे सुरू होते. पाणी बंद करणे ताबडतोब थांबले पाहिजे. रात्री एकदा तिला उठवून लघवीला नेणे आणि तिचे अंथरूण शौचालयाजवळ असणे, हा त्यावरचा शहाणपणाचा मार्ग आहे.

शाळेत तुम्ही स्वतः जा, आणि शक्य असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून चार ओळींची चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांना व अधीक्षिकाबाईंना एकत्र भेटा. अधीक्षिकाबाईंवर रागावून उपयोग नाही. शेकडो मुलींची जबाबदारी असलेल्या बाईंना हा रोग कोणी नीट समजावून सांगितलेला नसतो. तुम्ही तो समजावून सांगू शकता, कारण तुम्हाला तो आता समजला आहे. वर्गात तिच्याजवळ पाण्याची बाटली असावी आणि लघवीला जायची परवानगी वेगळी मागावी लागू नये. थंडीत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी पहाटे जी थंडी पडते त्या दिवसांत, तिला गार पाण्याने आंघोळ करायला लावू नये, कारण थंडीने कातडीखालच्या वाहिन्या आकसतात आणि प्रवाह मंदावतो. खेळू द्यावे, पण धाप लागेपर्यंत पळवू नये आणि दमली की बसू द्यावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, त्या उन्हात प्रार्थनेसाठी किंवा कवायतीसाठी उभे करू नये. दुखू लागले की पाणी, पांघरूण, कोमट शेक आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलेली वेदनाशामक गोळी द्यावी. बर्फ कधीही लावू नये. तेवढ्याने तासा-दोन तासांत उतार पडला नाही तर दवाखान्यात न्यावे.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी लोहाची तपासणी करून सांगितल्याशिवाय देऊ नका. या रोगात रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात तर ते साचून यकृताला आणि हृदयाला इजा करते. काही मुलींना सिकलसेलबरोबर लोहाची खरी कमतरताही असते, पण ते तपासूनच ठरवायचे असते. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र रोज लागते, कारण मज्जेला सतत नव्या पेशी तयार कराव्या लागतात. घरचे भगताकडे जात असतील तर त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. दवाखाना आधी, एवढेच ठामपणे सांगा.

बहिणीला हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. नसेल तर जिल्हा रुग्णालयात त्याविषयी स्पष्टपणे विचारा, कारण वारंवार दुखणाऱ्या मुलांसाठी आज जे औषध हाताशी आहे त्यात हे सगळ्यात महत्त्वाचे आहे असे माझे ठाम मत आहे. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ते या दोऱ्यांत सामील होत नाही, उलट दोरे वळण्यात अडथळा आणते, आणि म्हणूनच सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही. हायड्रॉक्सियुरियाने हे जुने हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, पेशी मोठ्या होतात, त्यांतली घनता घटते आणि त्यांचा चिकटपणाही कमी होतो. औषध रोज घ्यावे लागते, गुण दिसायला काही महिने जातात, आणि मधूनमधून पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तपासाव्या लागतात. तपासणी चुकवून ते घेत राहणे योग्य नाही, आणि दुखणे थांबले म्हणून स्वतःहून बंद करणेही योग्य नाही. पुढे लग्नानंतर गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवायचे असते, हेही आत्ताच लक्षात ठेवा. आपल्या भागातील आदिवासी रुग्णांत हे जुने हिमोग्लोबिन उपजतच थोडे अधिक असते, म्हणून आपला सिकलसेल सौम्य आहे असे बोलले जाते. त्या समजुतीवर विसंबून कोणाचेही औषध लांबवू नये.

तापाबाबत मात्र जराही वाट पाहू नका. प्लीहेच्या त्या अरुंद फटींत ताठर पेशी अडकत राहिल्याने प्लीहा निकामी होत जाते, आणि रक्तातले काही विशिष्ट जंतू गाळून मारण्याचे काम तीच करत असते. त्यामुळे १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्यावर ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखाना गाठायचा. छातीत दुखून धाप लागणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, असह्य डोकेदुखी, डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगून मुलगी पांढरीफटक पडणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. न्यूमोकोकसची लस तिला मिळाली आहे का ते विचारून घ्या. मच्छरदाणी रोज वापरा. सिकलसेल वाहकांना, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्यांना, फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते, आणि जंगलपट्टीत हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहण्याचे कारण तेच आहे, परंतु तुमच्या बहिणीसारख्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो अतिशय धोक्याचा ठरतो.

आई-वडील ऊसतोडीला जातील तेव्हा बहिणीला त्यांच्याबरोबर फडावर पाठवू नका. उन्हातान्हातले कष्ट, अपुरे पाणी आणि औषधाचा खंड हे सगळे तिथे एकत्र येते. ती शाळेतच राहू द्या, पण दुखल्यावर फोन कोणाला करायचा, तिला कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि गाडीचे पैसे कोणाकडे ठेवलेले आहेत, हे ते निघण्यापूर्वी ठरलेले असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात तिच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. शिक्षणात त्याचा उपयोग होईल.

ताठरपणाचा संबंध इतर रोगांशी आहे का, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याचे उत्तर निःसंशय होय असे आहे. मलेरियाचा फॅल्सिपेरम परजीवी ज्या तांबड्या पेशीत वाढतो तिला तो ताठर आणि चिकट करतो, म्हणूनच त्या मलेरियात मेंदूतल्या बारीक वाहिन्या तुंबतात. आनुवंशिक स्फेरोसायटोसिसमध्ये आवरणाखालचे जाळे सदोष असते, पेशी आवरणाचा थोडा थोडा भाग गमावते, वर सांगितलेली पृष्ठफळाची शिल्लक संपते, आणि गोल झालेली पेशी प्लीहेच्या फटीतून पार होऊ शकत नाही. ड्यूशेन नावाच्या स्नायुरोगात डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने स्नायूच्या पेशीचे आवरण प्रत्येक आकुंचनाचा ताण सोसू शकत नाही आणि फाटत जाते. दाब ओळखणाऱ्या पिएझो या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पातापूतियन यांना २०२१ चे नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून मिळाले. त्यातल्या पिएझो-१ मध्ये दोष असला की तांबड्या पेशी पाणी गमावतात आणि त्यातून एक वेगळाच आनुवंशिक रक्तक्षय होतो.

कर्करोगात गोष्ट उलटी आहे, आणि ती मला अधिक विचार करायला लावते. गाठ हाताला कडक लागते, कारण तिच्याभोवती कोलॅजनचे दाट तंतू साचलेले असतात, परंतु आतली कर्कपेशी बहुधा निरोगी पेशीपेक्षा मऊ असते. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या छातीतील पाण्यातून काढलेल्या पेशी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. मऊ पेशी अरुंद जागेतून सरकून दुसऱ्या अवयवात जाऊ शकते. यकृताच्या आजारात तर ताठरपणाचे मोजमाप रोजच्या तपासणीत आलेले आहे. फायब्रोस्कॅन यंत्र यकृतातून कंपने पाठवून त्याचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये सांगते, आणि यकृत जसे ताठर होते तशा तिथल्या काही पेशी त्या ताठरपणालाच प्रतिसाद देऊन आणखी तंतू तयार करतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला रोगाच्या अभ्यासात जागा आहे का, अशी शंका तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. पेशीला किती बल लावले तर ती किती वाकते, हे मोजायला तुमचाच विषय लागतो.

राहिला तुमच्या स्वतःच्या तपासणीचा आणि लग्नाचा प्रश्न. शिबिरात होते ती बहुधा सोल्युबिलिटी चाचणी. रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. बहिणीला हा रोग आहे म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक तिच्याकडे आलेले आहे, आणि तुम्हाला आजवर काही त्रास नसल्यामुळे तुम्ही वाहक असण्याची शक्यता अधिक आहे, पण शक्यतेवर थांबू नका. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (रुग्ण) असा लेखी अहवाल घ्या. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, तेव्हा आशाताईंकडे त्याची चौकशी करा. वाहक असणे हा आजार नाही. वाहकाने लग्न करू नये असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा त्याचा अर्थ नव्हे; शक्यता दर वेळी नव्याने तेवढीच राहते. असे दोघे लग्न करणारच असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी मोठ्या शहरांत होते, आणि तिचा निर्णय त्या दोघांचाच असावा. म्हणून बोलणे पक्के होण्याआधी, सुपारी फुटण्याआधी, मुलीकडच्यांना तुमचा अहवाल मोकळेपणाने दाखवा. लपवून केलेल्या लग्नात पुढे सगळा दोष सुनेच्या माथी येतो, आणि ते मी खान्देशात पुरेसे पाहिले आहे. मुलीचीही तपासणी एचपीएलसीनेच होऊ द्या, कारण ती बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक असेल तर तिची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह येईल आणि तरीही तुमच्या मुलाला बहिणीसारखाच आजार होऊ शकेल. दोन्ही अहवाल हातात येईपर्यंत लग्नाची तारीख धरू नका.